सादृश्याचा विवेक : अतिदेश, ऊह आणि बाध

(हातकणंगले येथे कार्यकर्ते व त्यांचे कुटुंबीय यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हातकणंगल्याहून कोल्हापूर ओलांडून सह्याद्रीच्या दिशेने गेले की राधानगरी-दाजीपूरचे अरण्य लागते. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या अरण्याला १९५८ साली अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात त्याचा समावेश झाला. सुट्टीच्या दिवसांत अनेक कुटुंबे तेथे जातात. मुले विचारतात, गवा कसा असतो? वडीलधारे सांगतात, आपल्या गाई-बैलासारखाच, पण अंगाने कितीतरी मोठा, पाठीवर उंचवटा असलेला आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा दिसणारा. पहाटेच्या धुक्यात तसा प्राणी समोर आला की मूल आपणहून म्हणते, "हा गवा!" त्याला कोणी बोट दाखवून सांगावे लागत नाही.

या साध्या घटनेत ज्ञानप्राप्तीचा एक स्वतंत्र मार्ग आहे, हे भारतीय तत्त्वचिंतकांनी फार पूर्वी ओळखले होते. न्यायदर्शनाने प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशी चार प्रमाणे मानली. त्यांपैकी उपमानाचे न्यायशास्त्रातील परंपरागत उदाहरण नेमके हेच आहे. गवय कधीही न पाहिलेल्या नगरवासीयाला अरण्यात वावरणारा माणूस सांगतो की, गवय गाईसारखा असतो. पुढे नगरवासी अरण्यात जातो, गाईसारखा एक प्राणी पाहतो, ऐकलेले वाक्य त्याला आठवते आणि 'गवय' हा शब्द कोणासाठी आहे हे त्याला कळते. गवय म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपला गवाच.

उपमान हे स्वतंत्र प्रमाण आहे, की अनुमानाचाच प्रकार आहे, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला. वैशेषिकांनी आणि बौद्ध नैयायिकांनी त्याचे स्वातंत्र्य नाकारले. मीमांसकांनी ते मान्य केले, पण त्याची दिशा फिरवली. त्यांच्या मते अरण्यात गवय पाहणाऱ्या माणसाला जे नवे ज्ञान होते ते गवयाविषयीचे नव्हे. 'माझ्या घरची गाय याच्यासारखी आहे,' हे त्याला कळते. समोर उभा आहे तो गवय, पण नव्याने ओळखली जाते ती घरची गाय! परके पाहिल्यावर आपले नीट दिसू लागते, हा मीमांसकांचा विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे. या विवेचनाच्या शेवटी त्याच्याकडे परत यावयाचे आहे.

साम्य कशाचे?

'सारखा' हा शब्द मोठा फसवा आहे. जगातील कोणत्याही दोन वस्तूंत काही ना काही साम्य सापडतेच. मुखाला चंद्राची उपमा दिली म्हणून मुखावर कोणी चंद्राचा डाग शोधत नाही आणि अमावास्येला ते मुख नाहीसे होईल अशी भीतीही बाळगत नाही. दृष्टांत हा एकदेशी असतो. त्याचा एक अंश घ्यायचा असतो, बाकीचा सोडून द्यायचा असतो. मग घ्यायचे काय आणि सोडायचे काय?

गणिताने याचे उत्तर सर्वांत नेमकेपणाने दिले. भास्कराचार्यांनी ११५० साली रचलेल्या 'लीलावती'त त्रैराशिकाला मानाचे स्थान आहे. भगवंत जसा विश्व व्यापून राहिला आहे, तसे त्रैराशिकाने गणित व्यापले आहे, अशा आशयाचे विधान ते करतात. प्रमाण, फल आणि इच्छा या तीन ज्ञात राशींवरून चौथी अज्ञात राशी काढायची, हे त्रैराशिक. पहिलीचा दुसरीशी जो संबंध, तोच तिसरीचा चौथीशी. येथे वस्तू सारख्या असाव्या लागत नाहीत, संबंध सारखा असावा लागतो. ग्रीकांकडे सादृश्यासाठी जो 'अनालोगिया' शब्द होता, त्याचाही मूळ अर्थ गुणोत्तरांची समानता असाच होता.

परंतु भास्कराचार्य तेवढ्यावर थांबत नाहीत. ते व्यस्त त्रैराशिकही शिकवतात. इचलकरंजीचे उदाहरण घेऊ. चार यंत्रमागांवर एका पाळीत जितके कापड निघते, त्याच्या दुप्पट आठ मागांवर निघेल. हे सम त्रैराशिक. परंतु तेच कापड विणायला चार मागांना आठ दिवस लागत असतील, तर आठ मागांना सोळा नव्हे, चारच दिवस लागतील, हे व्यस्त. आकडे तेच, माग तेच, फक्त संबंध उलटा. संबंध ओळखण्यात चूक झाली तर उत्तर थोडे चुकत नाही, पूर्णपणे उलट येते. सादृश्याने विचार करणाऱ्या प्रत्येकासाठी ही पहिली सूचना आहे.

मीमांसकांची तीन पावले

सादृश्याचे संपूर्ण शास्त्र उभारण्याचे श्रेय मात्र पूर्वमीमांसेला द्यावे लागेल. मीमांसकांसमोरचा प्रश्न अगदी व्यवहारातला होता. वेदांमध्ये काही यज्ञांचे विधी साद्यंत सांगितले आहेत, तर अनेक यज्ञांचा केवळ उल्लेख आहे. दर्शपूर्णमासासारखा साद्यंत सांगितलेला यज्ञ म्हणजे 'प्रकृती' आणि त्याच्या नमुन्यावर करावयाचा यज्ञ म्हणजे 'विकृती'. न सांगितलेला तपशील कोठून आणायचा? अर्थातच प्रकृतीकडून. पण सगळाच आणायचा का? जैमिनींच्या बारा अध्यायांपैकी सातव्यापासून दहाव्यापर्यंतचे चार अध्याय या एका प्रश्नाला वाहिलेले आहेत, आणि त्यांतून तीन संज्ञा पुढे येतात.

पहिली अतिदेश. एका ठिकाणचे विधान साम्याच्या आधारे दुसऱ्या ठिकाणी नेणे, म्हणजे अतिदेश.

दुसरी ऊह. नेलेली गोष्ट नव्या ठिकाणी बसेल अशी बदलून घेणे, म्हणजे ऊह. मूळ यज्ञात हवी अग्नीसाठी असेल, तर मंत्रात अग्नीचे नाव येते. तोच मंत्र सूर्यासाठीच्या यागात नेला, तर अग्नीच्या जागी सूर्याचे नाव घालायचे. बाकी मंत्र तसाच.

तिसरी बाध. नव्या ठिकाणी जे निरर्थक ठरते, ते वगळणे म्हणजे बाध. याचे उदाहरण फारच मार्मिक आहे. मूळ विधीत भात कांडायचा असतो, कारण तूस काढायचे असते. एका विकृतियागात मात्र धान्याऐवजी गुंजेच्या वजनाचे सोन्याचे तुकडे तुपात शिजवायचे असतात. आता सोने कांडायचे काय? सोन्याला तूस नाही. म्हणून कांडण्याची क्रिया येथे गळून पडते. ज्या कारणासाठी एखादी गोष्ट केली जात होती ते कारणच उरले नाही, तर ती गोष्टही उरत नाही.

हे विवेचन यज्ञमंडपापुरते राहिले नाही. स्मृतिवचनांचा अर्थ लावताना निबंधकारांनी हेच नियम वापरले. भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात मीमांसेच्या या ऋणाची विस्तृत चर्चा केली आहे. आजही न्यायालयात वकील पूर्वीचा निवाडा दाखवून 'हे प्रकरण तसेच आहे' म्हणतो, तेव्हा तो अतिदेश करीत असतो. प्रतिपक्षाचा वकील 'येथे वस्तुस्थिती भिन्न आहे' म्हणून उठतो, तेव्हा तो बाध सांगत असतो.

भोपळा, कमळाचा देठ आणि वेलीचे पान

हीच तीन पावले वैद्यकातही उमटलेली दिसतात. आपण सहज 'धनुर्वात' म्हणतो. रोग्याचे शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून हे नाव. चरकसंहितेत औपम्याची व्याख्या करताना धनुष्यावरून धनुःस्तंभ ओळखण्याचे उदाहरण दिलेले आहे. पण सादृश्याचा सर्वांत विलक्षण उपयोग सुश्रुतसंहितेत आढळतो.

शिष्य शास्त्र कितीही शिकला तरी हात तयार झाल्याशिवाय त्याने रुग्णावर शस्त्र चालवू नये, अशी सुश्रुताची भूमिका आहे. मग हात तयार करायचा कशावर? त्यासाठी सूत्रस्थानात 'योग्या' म्हणजे सरावाचा एक अध्यायच आहे. छेदनाचा सराव कोहळा, भोपळा, कलिंगड अशा फळांवर करावा. भेदनाचा सराव पाण्याने वा चिखलाने भरलेल्या चामडी पिशवीवर किंवा जनावराच्या मूत्राशयावर करावा. शिर वेधण्याचा सराव मृत जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करावा. जखमेचा मार्ग शोधण्याचा सराव किडींनी पोखरलेल्या लाकडावर आणि वेळूवर, शल्य बाहेर काढण्याचा सराव फणसाच्या वा बेलाच्या गरातून बिया काढून, टाके घालण्याचा सराव जाड-पातळ वस्त्रावर आणि मऊ चामड्यावर, तर पट्टी बांधण्याचा सराव पुतळ्यावर करावा.

या यादीत भोपळा कशासारखा दिसतो, हा प्रश्न कोठेही नाही. कमळाचा देठ आणि माणसाची शिर यांच्यात रंग, उगम, कार्य यांपैकी काहीच समान नाही. समान आहे ती एकच गोष्ट: बारीक पोकळ नळीत सुई शिरताना हाताला होणारी जाणीव. तेवढाच अतिदेश करायचा. म्हणूनच एका भोपळ्यावर सुश्रुताचे भागत नाही. प्रत्येक क्रियेसाठी तो वेगळी वस्तू शोधतो.

नाक कापल्या गेलेल्या माणसाला नवे नाक करण्याचा विधीही सुश्रुताने दिला आहे. नाकाच्या मापाचे पान घ्यावे, त्या मापाने गालाची कातडी घ्यावी आणि नाकाच्या जागी बसवावी. पानाकडून घ्यायचे ते केवळ माप. ही विद्या परंपरेने टिकून राहिली. १७९३ साली पुणे परिसरात इंग्रजी सैन्याबरोबरच्या कावसजी नावाच्या गाडीवानाचे नाक अशाच पद्धतीने पुन्हा तयार करण्यात आले. तेथे पानाच्या जागी मेणाचा पातळ पत्रा होता आणि गालाऐवजी कपाळाची कातडी. म्हणजे ऊह झाला होता. लंडनच्या एका मासिकात १७९४ साली त्याचे सचित्र वर्णन आले, आणि त्यातून युरोपातील शल्यविद्येला नवी दिशा मिळाली.

मागापासून गणकयंत्रापर्यंत

१९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला. तत्कालीन संस्थानिक नारायणराव घोरपडे यांचे प्रोत्साहन त्यामागे होते. या तालुक्यात धोट्याचा खडखडाट ज्याने ऐकला नाही असा माणूस सापडणे कठीण. नक्षीदार कापडासाठी जे जॅकार्ड यंत्र मागावर बसवतात, त्याची कथा येथे उद्बोधक ठरेल.

फ्रान्समधील लियाँ शहरी जोसेफ जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास हे यंत्र सिद्ध केले. जाड कागदाच्या पट्ट्यांना भोके पाडायची. जेथे भोक असेल तेथे उभा धागा उचलला जाईल, जेथे नसेल तेथे तो खाली राहील. पट्ट्या बदलल्या की नक्षी बदलते, माग तोच राहतो. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज यांनी हे पाहिले आणि आकडेमोड करणाऱ्या आपल्या नियोजित यंत्रासाठी भोकांच्या पट्ट्या घेतल्या. एडा लव्हलेस यांनी १८४३ साली त्या यंत्रावर लिहिताना, माग जशी फुलापानांची नक्षी विणतो तसे हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणते, असे सुचवले. बॅबेज यांचे यंत्र त्यांच्या हयातीत पूर्ण झाले नाही, तरी पुढच्या शतकात संगणकांमध्ये भोकांची कार्डे दीर्घकाळ वापरली गेली. येथे सूत, धोटा, रंग हे सारे गळून पडले, तो बाध. धाग्याऐवजी संख्या आल्या, तो ऊह. 'सूचना यंत्रापासून वेगळी ठेवता येते' हा एकच संबंध पुढे नेला गेला, तो अतिदेश.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातील आहे. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरतात तेव्हा त्यांची काही ऊर्जा कमी होते, हे कॉम्प्टन यांनी १९२३ साली दाखवले आणि १९२७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. कोलकात्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: क्ष-किरणांचे जे होते, ते दृश्य प्रकाशाचेही होत असेल काय? के. एस. कृष्णन यांच्यासह केलेल्या प्रयोगांतून २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांना उत्तर मिळाले. आरंभी त्यांनी या परिणामाचे वर्णन कॉम्प्टन परिणामाचे प्रकाशातील प्रतिरूप असेच केले होते. परंतु आत शिरल्यावर निराळेच दृश्य दिसले. कॉम्प्टन परिणामात बदल कोनावर अवलंबून असतो. रामन परिणामात तो रेणूच्या कंपनांवर अवलंबून असतो. सादृश्याने दार दाखवले, पण आत काय आहे ते प्रयोगानेच सांगितले. म्हणूनच आज औषधे, रत्ने आणि रसायने यांची ओळख पटवण्यासाठी रामन परिणाम उपयोगी पडतो.

शिंपला आणि चांदी

येथवर सादृश्याची कीर्ती झाली. आता त्याचा धोका. हुपरी या तालुक्यातील गाव चांदीच्या दागिन्यांसाठी नावाजलेले आहे. हुपरीचा कारागीर चमक पाहून चांदी मानत नाही. तो कस पाहतो. आपल्या दर्शनकारांनीही भ्रमाचे उदाहरण म्हणून चांदीच निवडली आहे. उन्हात चमकणारा शिंपला पाहून माणसाला चांदीचा भास होतो आणि तो वाकून उचलायला जातो. चमक खरीच असते. चमकीवरून काढलेला निष्कर्ष खोटा असतो. या 'शुक्तिरजता'ची तीन रूपे सार्वजनिक जीवनात वारंवार दिसतात.

पहिले रूप उसन्या उपमेचे. गव्याला इंग्रज शिकाऱ्यांनी 'बायसन' म्हटले आणि ते नाव इतके रुजले की दाजीपूरचे अभयारण्यही त्याच नावाने ओळखले जाऊ लागले. वस्तुतः गव्याचे शास्त्रीय नाव 'बॉस गॉरस'. आणि 'बॉस' हे लॅटिनमध्ये गाय-बैलाचेच नाव. 'गवय गाईसारखा' म्हणणारा तो जुना अरण्यवासी बंदूकधारी साहेबापेक्षा अधिक अचूक होता. तीच गोष्ट इचलकरंजीची. तिला 'महाराष्ट्राचे मँचेस्टर' म्हणताना आपल्याला अभिमान वाटतो. परंतु मँचेस्टर वाढले ते मोठ्या भांडवलाच्या गिरण्यांवर, गुलामांनी वेचलेल्या कापसावर आणि वसाहतींच्या बाजारपेठांवर. इचलकरंजी उभी राहिली ती घराशेजारच्या शेडमध्ये चार-आठ माग चालवणाऱ्या, खर्चीवर कापड विणून देणाऱ्या हजारो छोट्या यंत्रमागधारकांच्या आणि कामगारांच्या कष्टांवर. साम्य कापडाचे आहे, रचनेचे नाही. मँचेस्टर डोळ्यांसमोर ठेवून येथले धोरण आखले, तर ते सोने कांडण्यासारखे होईल.

दुसरे रूप भाषांतराचे. 'धर्म' म्हणजे 'रिलिजन' हे समीकरण गेली दीडदोनशे वर्षे चालत आले आहे. एक संस्थापक, एक ग्रंथ आणि एक अधिकृत संस्था यांच्याशी 'रिलिजन' ही कल्पना प्रायः निगडित आहे. मराठी माणूस मात्र शेजारधर्म पाळतो, वाटसरूसाठी धर्मशाळा बांधतो आणि जाळणे हा अग्नीचा धर्म आहे असे म्हणतो. या तिन्ही ठिकाणी 'रिलिजन' घालून पाहावे, वाक्य मोडून पडते. उपासनेपुरते साम्य आहे हे नाकारण्याचे कारण नाही. पण तेवढ्या एका अंशावरून सगळी कल्पना उचलून येथे बसवली गेली. अतिदेश झाला, ऊह आणि बाध राहून गेले.

तिसरे रूप स्वाभिमानाचा वेश घेऊन येते, म्हणून ते ओळखणे अधिक अवघड. प्राचीन ग्रंथांत 'विमान' शब्द आहे. आज आकाशात विमाने उडतात. म्हणून प्राचीन काळी आजच्यासारखी विमाने होती, असा निष्कर्ष मोठ्या उत्साहाने काढला जातो. त्यासाठी 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा हवाला दिला जातो. बेंगळूरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी १९७४ साली त्या ग्रंथाची कसून तपासणी केली. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभीचा आहे आणि त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, हा त्यांचा निष्कर्ष होता. पूर्वजांविषयीचा आदर या निष्कर्षाने कमी होण्याचे कारण नाही. सुश्रुताच्या नासासंधानात कृती आहे, क्रम आहे, माप आहे, शिकवण्याची पद्धत आहे, आणि ती विद्या प्रत्यक्ष चालत आल्याची नोंद आहे. ती चांदी आहे. शब्दसाम्याचा शिंपला तिच्या शेजारी ठेवला, तर पाहणारा चांदीवरही संशय घेतो. खरा तोटा आपलाच होतो.

देह आणि समाज

आता सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. समाज हा एका देहासारखा आहे, हा दृष्टांत आपल्या परंपरेत पुरुषसूक्तापासून आहे. १९६५ साली मुंबईत दिलेल्या एकात्म मानवदर्शनावरील व्याख्यानांत पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनीही समाजाकडे जिवंत शरीर म्हणूनच पाहिले. या दृष्टांतातून घ्यायचे काय? पायात काटा रुततो तेव्हा डोळ्यांत पाणी येते, हात आपणहून खाली जातो, पाठ वाकते. संपूर्ण देहाला पायाचे दुःख कळते. हा संबंध घ्यायचा होता. सोडायचे काय होते? पाय खाली असतो आणि मस्तक वर असते, ही केवळ देहाची ठेवण. माणूस हा समाजाचा अवयव असला, तरी पायासारखा जन्मभर एकाच जागी बांधलेला नाही; त्याला स्वतःचे मन, बुद्धी आणि आत्मा आहे. येथे बाध लावायला हवा होता.

पुरुषसूक्ताच्या मूळ अर्थाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु व्यवहारात शतकानुशतके घडले ते नेमके उलटे, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. वर-खालीची ठेवण उचलली गेली, आणि काट्याचे दुःख टाकून दिले गेले. पायाला वेदना होत राहिल्या आणि डोळे कोरडे राहिले. एका दृष्टांताचा चुकीचा अतिदेश किती पिढ्यांचे आयुष्य उद्ध्वस्त करू शकतो, याचे यापेक्षा दारुण उदाहरण नाही.

या तालुक्याला हे दूरवरून सांगण्याची आवश्यकता नाही. माणगाव हे याच हातकणंगले तालुक्यातील गाव. २१ आणि २२ मार्च १९२० रोजी तेथे बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिचे अध्यक्ष होते, आणि राजर्षी शाहू महाराजांनी त्या परिषदेत येऊन, तुम्हाला तुमचा पुढारी लाभला आहे, असे जमलेल्या लोकांना सांगितले. काटा रुतलेला पाय त्या दिवशी स्वतः बोलू लागला, आणि एका राजाने त्याचे बोलणे उभ्या महाराष्ट्राच्या कानी घातले.

आता मीमांसकांच्या त्या गवयाकडे परत येऊ. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिले आणि ते अमेरिकेत निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केले. सातासमुद्रापलीकडचा अन्याय पाहून त्यांनी घरचा अन्याय ओळखला. त्यानंतर एकशे एक वर्षांनी, ८ मे १९७४ रोजी, पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांनीही अमेरिकेकडेच पाहिले. गुलामगिरी अयोग्य नसेल तर जगात काहीच अयोग्य नाही, असे अब्राहम लिंकन यांनी म्हटले होते. त्याच धर्तीवर बाळासाहेबांनी सांगितले की, अस्पृश्यता वाईट नसेल तर जगात दुसरे काहीच वाईट असू शकत नाही. दोघांची वाट वेगळी होती, निदानही वेगळे होते. पण परक्या अरण्यातला गवय पाहून आपल्या घरची गाय ओळखण्याचे धैर्य दोघांपाशी होते.

अमेरिकेतील गुलामगिरी आणि येथील अस्पृश्यता या दोन गोष्टी एक नव्हेत. तेथे माणसाची खरेदी-विक्री होती, येथे स्पर्शाचा विटाळ होता. तेथे वंशाचा भेद होता, येथे तो नव्हता. हा सारा तपशील बाधाने गळून पडतो. उरतो तो एकच संबंध: माणसाने माणसाचे माणूसपण नाकारणे. तो संबंध दोन्हीकडे तंतोतंत सारखा आहे, म्हणून हे सादृश्य खरे आहे. हुपरीच्या कसोटीवर ती चांदीच ठरते.

घरातली कसोटी

दिवसभरात प्रत्येक जण कित्येकदा 'हे तर त्याच्यासारखेच आहे' असे म्हणतो. वर्तमानपत्राचे मथळे, सभेतील भाषणे, वर्गातील धडे, औषधाच्या जाहिराती या साऱ्यांत उपमा भरलेल्या असतात. प्रत्येक वेळी ग्रंथ उघडून बसण्याची आवश्यकता नाही. तीन प्रश्न पुरेसे आहेत. येथून तेथे नेमका कोणता संबंध नेला? नेताना काय बदलायला हवे होते? आणि काय सोडून द्यायला हवे होते? विरोधकाच्या उपमेला हे प्रश्न विचारणे सोपे असते. आपल्याला आवडणाऱ्या, आपल्या गौरवाच्या उपमेला ते विचारता आले, तर विवेक जागा आहे असे समजावे.

घरात मुलांशी बोलताना याची सवय लावता येते. मूल म्हणाले की आई, पृथ्वी संत्र्यासारखी असते, तर 'बरोबर' म्हणून थांबू नये. कशात सारखी आणि कशात नाही, हे त्यालाच विचारावे. ते आकार सांगेल, मग साल आणि फोडी आठवून हसेल, आणि त्या हसण्यातच त्याला बाध कळलेला असेल.

आणि दाजीपूरहून परत आल्यावर त्याला गोठ्यातल्या गाईपाशी न्यावे. आजवर रोज पाहिलेली ती गाय त्या दिवशी त्याला नव्याने दिसेल.